गुऱ्हाळातला भूप

परवा पिंपळे सौदागरच्या चौकात उसाच्या मोळ्या उभ्या दिसल्या आणि संक्रांत जवळ आल्याचं मला कळलं. घरात कॅलेंडर आहे, मोबाइल आहे, पण सण आधी रस्त्यावर येतो. विकणारी बाई सुगडात घालण्यासाठी उसाचे बोटभर तुकडे करत होती. मी तुकडे घेतले आणि वर एक अख्खं कांडं मागितलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आजी, हे खाणार कोण, असं विचारलं. तिचं काही चुकलं नाही. माझे पुढचे दात हल्ली रात्री वाटीत झोपतात. कांडं मी तरीही घेतलं. सध्या ते ओट्यावर आडवं पडलंय, आणि सून त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघते आहे.

तिला काय सांगू? उसाच्या सालीवर पेराजवळ एक पांढरी भुकटी असते. ती बोटाला लागली आणि मी त्या हिवाळ्यात जाऊन बसले. तिथून मला अजून नीट उठता आलेलं नाही.

पन्नासचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. पिंपरीत कारखाना नुकता उभा राहिला होता. त्याच्या वसाहतीतल्या आमच्या खोलीच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, नोकरीसाठी कोकणातून आले ते एक ट्रंक, एक पखवाज आणि आम्ही दोघी मायलेकी एवढंच घेऊन. वसाहतीचं कुंपण संपलं की शेतं लागायची, शेतं संपली की नदी, आणि नदीपलीकडे पिंपळे सौदागर. आज जिथे तो चौक आहे, तिथेच कुठेतरी माझी मैत्रीण हौसा हिच्या आजोबांचं, आबांचं, गुऱ्हाळ होतं. हिवाळ्यात पवनेला पाणी गुडघ्याखाली असायचं. हौसा आणि तिच्या गावची पोरं दगडांवरून टणाटण उड्या मारत आमच्या शाळेत यायची, परकराचे ओले काठ पिळायची आणि वर्गात बसायची.

आणि रविवारी यायची ती शेलार मास्तरांच्या गोदामात.

शेलार मास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन आपल्या मुलाकडे वसाहतीत राहायला आले होते. ताठ माणूस, मिशा पांढऱ्या, बूट रोज चकचकीत. त्यांची क्लॅरोनेट निळ्या मखमलीच्या पेटीत निजलेली असायची. गावची पोरं तिला काळी पिपाणी म्हणत. फौजेत असताना मास्तरांनी एकदा साहेबांच्या मुलांसाठी झालेला वाद्यवृंदाचा कार्यक्रम पाहिला होता. मोठा वाद्यमेळा, आणि समोर बसलेली एवढीएवढी मुलं, आणि त्यांना एकेक वाद्य उचलून दाखवणारा बँडमास्तर. ते दृश्य त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आपल्या मुलांना आपलं संगीत असं कुणी का दाखवत नाही, असं ते अण्णांना विचारत. मोठ्यांना शिकवण्यात अर्थ नाही, मोठ्यांना सगळं आधीच येत असतं, हे त्यांचं ठाम मत होतं.

सिमेंटचं एक गोदाम बांधकाम संपल्यावर रिकामं पडलं होतं. तिथे त्यांनी वाद्यवृंद जमवला. पखवाजाला अण्णा. पेटीला आमच्या शाळेच्या बाई. व्हायोलिनला हासोमलकाका. हे फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेले सिंधी गृहस्थ. कराचीहून निघताना भांडीकुंडी मागे राहिली, पण व्हायोलिन त्यांनी काखेतून खाली ठेवलं नव्हतं. जलतरंगासाठी वसाहतीतल्या घराघरांतून चिनी मातीचे वाडगे गोळा झाले, त्यामुळे रविवारी दुपारी कुणाच्याच घरी ताक प्यायला वाडगा नसे. एवढ्या जमवाजमवीला मास्तर वाद्यवृंद म्हणत, आणि ते म्हणत म्हणून आम्हीही म्हणत होतो. आम्ही रिकाम्या पोत्यांवर बसायचो आणि घरी जाताना पाठीमागून सगळे सारखेच राखाडी दिसायचो.

पहिल्याच रविवारी गंमत झाली. पोरांबरोबर गावच्या काही बायाही आल्या होत्या. बाईंनी पेटीवर सा धरला. हासोमलकाका तारा पिळू लागले, अण्णा पखवाजाला कणीक थापून ठोकून बघू लागले, मास्तरांनी क्लॅरोनेटमधून एक लांब सूर सोडला. नुसतं सूर जुळवणं चाललं होतं. पण सगळी वाद्यं एकदम वाजायला लागली की आरती सुरू होते, एवढंच त्या बायांना माहीत. त्या पदर सावरून उठल्या, हात जोडले, त्यांना पाहून पोरंही उठली. जुळवणं संपून शांत झालं तेव्हा त्यांनी स्वतःभोवती एक एक फेरी मारली आणि प्रसादासाठी हात पुढे केला. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला घरी पिटाळून साखर मागवली, प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली, आणि म्हणाले की सूर जुळला की उभंच राहावं, आम्ही बसून राहिलो हीच आमची चूक. तेव्हापासून दर रविवारी जुळवणी सुरू झाली की सगळं गोदाम उभं राहायचं. अजूनही कुठल्या सभागृहात तानपुरे लागायला लागले की माझे पाय खुर्चीखाली चुळबुळतात.

त्यांचं शिकवणं असलंच असायचं. व्याख्या नाही, घोकंपट्टी नाही. सा म्हणजे काय ते सांगण्यासाठी त्यांनी आम्हाला तोंड मिटून गुणगुणायला लावलं, हळूहळू वर, आणखी वर. एका जागी डोक्यावरचा पत्रा आपणहून घुमायला लागला. हा पत्र्याचा सा, मास्तर म्हणाले, प्रत्येकाचा एक असतो, आपापला शोधून ठेवा. त्या आठवड्यात आम्ही विहिरीत, हंड्यात, माठात, कुठे कुठे तोंड घालून गुणगुणलो त्याला सुमार नाही. आईनं शेवटी मला पाण्याच्या हंड्याजवळ जायची बंदी केली.

सम शिकवण्यासाठी मास्तर आम्हाला नदीपलीकडे आबांच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. तो दिवस मला सबंध आठवतो, आणि आठवतो तो सोनेरी रंगाचा. चुलवणात चिपाडं ढणाढणा जळत होती. काहिलीत रस उकळत होता आणि त्याची मळी काढणाऱ्या माणसाचा चेहरा वाफेत मधूनच दिसायचा, मधूनच जायचा. वाऱ्यालाच गोडी आली होती. ओठ चाटले तर ओठ गोड लागायचे. उसाचा चरक बैलजोडीनं फिरायचा. बैल गोल गोल जायचे, आणि त्यांच्या वाटेवर एका बाजूला कडुनिंबाचं झाड होतं. मास्तरांनी आम्हाला त्या झाडाकडे बघायला सांगितलं. बैल कुठेही असोत, झाडापाशी आले की टाळी. एवढंच. पहिल्या फेऱ्यांना आम्ही चुकलो, मग आमच्या अंगातच ती फेरी भिनली. डोळे मिटूनही बैल झाडापाशी आलेले कळायला लागले आणि सगळ्या टाळ्या एका जागी पडल्या. ती सम. पुढे आयुष्यात मी बऱ्याच मैफली ऐकल्या, मोठमोठी माणसं समेवर येताना पाहिली, आणि प्रत्येक वेळी मला तिथे कडुनिंब दिसला.

पण त्याच दुपारी ते घडलं.

आबांच्या घरची एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या उसाचं एक कांडं पाहुण्याला द्यायचं. तोडताना त्या उसाला कोयता लागतो तेवढाच, मग पुन्हा लोखंड लावायचं नाही. कांडं गुडघ्यावर मोडायचं, आणि पाहुण्यानं ते तिथेच, वावरात बसून, आपल्या दातानं सोलून खायचं. त्याशिवाय हंगामाला गोडी येत नाही अशी त्यांची श्रद्धा. त्या वर्षी आबांनी तो मान मास्तरांना द्यायचं मनात धरलं होतं. नातवंडांना गाणं शिकवणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी फार मोठा. त्यांनी धोतरानं पुसून कांडं पुढे केलं. मास्तरांनी हात जोडले आणि आज नको म्हणाले. आबांनी पुन्हा आग्रह केला. मास्तर कसनुसं हसले, पुन्हा नाही म्हणाले, आणि आम्हा पोरांना घेऊन नदीकडे चालू लागले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आबा तसेच उभे होते, हातात कांडं धरून.

नाही म्हणण्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मास्तर एक दिवसाआड आईकडे लवंगेचं तेल मागायला यायचे. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांपैकी एक हलायला लागला होता आणि शेजारचाही त्याच्याच वाटेनं निघाला होता. क्लॅरोनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात तोंडणीवर, म्हणजे फुंकायच्या टोकावर, टेकलेले असतात. ते डळमळले की सूर डळमळतो, आणि गेले की त्या वयात सारं नव्यानं शिकण्याइतकी फुंक उरत नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी मोठा कार्यक्रम ठरला होता. त्यात मास्तर मुलांसाठी भूप वाजवणार होते, सबंध, अगदी सावकाश. एवढा एक भूप होईपर्यंत दात टिकावेत म्हणून तो माणूस महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खात होता. आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी आईला आणि अण्णांना शपथच घातली होती. दात गेला हे लोकांना कळलं की वाजवणारा संपला असं धरतात, असं त्यांचं म्हणणं.

भूप आम्हाला त्यांनी आधीच शिकवला होता. सात सुरांपैकी पाचच घ्यायचे, म आणि नी वगळायचे. हे ऐकल्यावर हौसा मध्येच उठून उभी राहिली होती.

"त्या दोघांनी काय केलं? त्यास्नी का न्हाई घेतलं?"

"काही केलं नाही गं," मास्तर म्हणाले. "ते दोघं बाहेर थांबलेत, म्हणून आत बसलेल्यांना ऐसपैस जागा झाली. भूप ओळखायचा तो बाहेर कोण थांबलंय त्यावरून."

हौसाला ते फारसं पटलं नाही. म आणि नी बिचारे थंडीत उभे आहेत असं तिला वाटत राहिलं आणि तिनं ते मला कितीदा तरी सांगितलं.

गुऱ्हाळावरच्या त्या दुपारनंतरच्या रविवारी गोदामाची एक बाजू रिकामी होती. नदीपलीकडून एकही पोर आलं नाही. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मागे हौसानं मला गाठलं. तिचे डोळे लाल होते.

"आबा म्हनत्यात, आमच्या वावरात येऊन आमचा ऊस नको म्हनतो, त्याच्या गान्याला आमी कशाला जायाचं?"

मला सगळं माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं. मी घरी येऊन आईच्या पदरात तोंड घालून रडले. त्या संध्याकाळी मास्तर तेलासाठी आले तेव्हा अण्णांनी विषय काढला. मी आबांना जाऊन खरं काय ते सांगतो म्हणाले. आईनं मास्तरांच्या हातात लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. कार्यक्रमाला थोडेच दिवस राहिलेत, तेवढे निघू द्या, मग बघू, अशी आईनं समजूत काढली.

"कुणासाठी वाजवू, वहिनी?" मास्तर म्हणाले. "ऐकणारा हेही वाद्यच आहे. माझा अर्धा वाद्यवृंद नदीपलीकडे बसलाय."

बोळा त्यांनी वापरला नाही. तसाच आईच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुऱ्हाळावर गेले. अण्णा बरोबर होते, आणि अण्णांचं बोट धरून मी. धुकं नदीवरून अजून उठलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नुसता गुळाचा वास येत होता आणि त्या वासाच्या दिशेनं आम्ही दगडादगडावरून चाललो होतो. पुढे मास्तर, हातात बूट घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ती सकाळ मी स्वप्नात पाहिली की खरी, अशी शंका मला कधी कधी येते. पण पाण्याचा गारठा पायांना अजून आठवतो.

आबा चुलवणापाशी बसले होते. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मास्तर त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि माझं कांडं द्या म्हणाले. मला वाटलं, आबा म्हणणार संपलं. पण ते उठले आणि खोपीच्या छपरात हात घालून त्यांनी ते कांडं बाहेर काढलं. पाहुण्याच्या नावाचं कांडं दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणून तेव्हापासून ते तिथेच खोचून ठेवलेलं. वाळून चांगलं टणक झालं होतं.

मास्तरांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि पुढच्या दातांनी साल ओढली. एकदा ओढली, सुटली नाही. पुन्हा ओढली. अण्णांनी मान फिरवली. तिसऱ्यांदा साल निघाली आणि तिच्याबरोबर जे निघायचं ते निघालं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला, त्यात काहीतरी गुंडाळलं, रुमाल खिशात ठेवला. मग त्यांनी बाजूच्या दातांनी उसाचा घास तोडला आणि सावकाश चावत राहिले. सोललेल्या पांढऱ्या उसावर लाल ठिपका होता.

"गोड हाय," ते म्हणाले. फौजेतली, पुस्तकातली सगळी मराठी सोडून गावच्या बोलीत म्हणाले.

आबा त्या लाल ठिपक्याकडे बघत होते. मग अण्णांकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे. शेवटी अण्णांनी तोंड उघडलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

"मास्तर, तुमी बोलायचं हुतं," आबा म्हणाले. "मी काय परका हाय व्हय?"

"रविवारी पोरांना पाठवा, आबा." मास्तर एवढंच म्हणाले, आणि तेही आता फुसफुसत, कारण शब्दांना अडवायला पुढे काही राहिलं नव्हतं.

शेजारचा दात संक्रांतीच्या तिळगुळात गेला. आई म्हणाली, बरं झालं, एकट्यानं राहून त्यानं तरी काय केलं असतं.

त्या रविवारी नदीपलीकडून नुसती पोरं आली नाहीत, अख्खी आळी आली. आबा नव्या गुळाची ढेप डोक्यावर घेऊन आले आणि त्यांनी ती वाद्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. ऊन कलायला लागलं होतं. गोदामाच्या मोठ्या दारातून त्याची लांब पट्टी आत आली होती आणि तिच्यात सिमेंटची धूळ तरंगत होती. जुळवणी सुरू झाली. आम्ही सगळे उठलो, जुळवणी संपल्यावर बसलो. मास्तरांनी पेटी उघडली, मखमलीतून क्लॅरोनेट काढली, तिचे भाग जोडले आणि ओठांना लावली. फुंकर बाहेर आली. नुसती फुंकर. त्यांनी ओठ पुन्हा आवळले, डोळे मिटले, पुन्हा फुंकलं. हासोमलकाकांनी गज खाली ठेवला होता. मास्तरांनी क्लॅरोनेट मांडीवर आडवी ठेवली, आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले.

मग मागून एक आवाज आला. सा, रे, ग. जरा थांबून प, ग. हौसा उभी राहिली होती. दर रविवारी मास्तर जी जागा घोळून घोळून वाजवायचे तीच, शब्द नाहीत, नुसता आ. तिचा आवाज थोडा कापत होता, पण सूर पक्का होता. तिच्यात दुसरी मिसळली, मग मी, मग सगळी पोतीच्या पोती. बाईंनी पेटीवर नुसता सा धरून ठेवला. मास्तरांचा हात मांडीवरून उचलला गेला. तो वर जाईल तसे आम्ही ध ला जात होतो, खाली येईल तसे सा ला येत होतो, आणि मध्ये ते जिथे थांबायचे तिथे सगळं गोदाम थांबायचं. अण्णांनी पखवाज धरला. बैल निघाले. कडुनिंबापाशी एवढ्या जणांची एक टाळी पडली, आणि त्यात आबांची होती. किती वेळ गायलो कोण जाणे. दारातली उन्हाची पट्टी भिंतीवर चढून विझून गेली होती.

"कुठले सूर नव्हते?" संपल्यावर मास्तरांनी विचारलं.

"म आन् नी," पोरं म्हणाली.

"आन् तुमचं दोन दात," कुणीतरी मागून पुस्ती जोडली. क्षणभर सगळे चपापले. मग मास्तरच हसले, तोंडभर, आणि पुढची ती मोकळी जागा सगळ्यांना दिसली. त्या दिवसापासून गावच्या पोरांनी त्यांचं नाव भूपमास्तर ठेवलं, आणि ते त्या नावाला ओ देत.

पुढे त्यांनी पुण्याला जाऊन कवळी बसवली. तिनं ऊस सोडून सगळं खाता येतं म्हणायचे. क्लॅरोनेट मात्र पेटीतच राहिली. गोदामातले रविवार आणखी काही हिवाळे चालले. मग गोदाम पाडलं, कारखान्यांना कारखाने लागत गेले, गुऱ्हाळाच्या जागी आधी वीटभट्टी आली, मग दुकानं, आता चौक. तिथे सिग्नलला गाडी थांबते तेव्हा मी अजून कडुनिंब शोधते.

हौसा तिथेच राहते, आबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत, नातवंडांच्या गोतावळ्यात. परवा कांडं घरी आणल्यावर मी तिला फोन लावला. दोघी म्हाताऱ्या, दोघींना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं बोलणं सोसायटीभर जातं. मास्तरांचा विषय निघाला. बिचाऱ्यांचा भूप शेवटी वाजलाच नाही, असं मी म्हणाले.

"वाजला न्हाई कसा?" ती म्हणाली. "मी ऐकला की. मी हितं गायला लागले, आन् माझ्या मागनं त्यांनी पिपानी धरली. सबंध वाजिवला. मला आजून ऐकू येतो."

मी पहिल्या रांगेत बसले होते. क्लॅरोनेट मांडीवर आडवी होती, तिच्यावर उन्हाची पट्टी पडली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला तसं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ओट्यावरच्या उसाकडे लक्ष गेलं, आणि मी गप्प राहून जरा ऐकू लागले.

ऐकू येत होता.